बिनजोडाची पोलादी रिंग कशी घडवायची: आल्फ्रेड क्रुपची रीत आणि वागळे इस्टेटमधला हॅमर

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली. त्याच वर्षी जर्मनीतल्या एसेन गावच्या आल्फ्रेड क्रुपला रेल्वेच्या चाकाच्या बिनजोडाच्या पोलादी धावेसाठी (चाकावर बाहेरून चढवलेल्या कड्यासाठी) प्रशियाचं पेटंट मिळालं. ठाण्याला आलेल्या गाडीशी त्याच्या कारखान्याचा संबंध नव्हता, तिची इंजिनं इंग्लंडची होती. पण त्या काळी जगात जिथे जिथे रूळ पडत होते, तिथे तिथे एकच दुखणं होतं: चाकावरची धाव जोडाच्या जागी तुटायची. क्रुपने ते दुखणं ज्या रीतीने मिटवलं, त्याच रीतीची सुधारलेली आवृत्ती आज ठाणे-नवी मुंबईतल्या वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे इथल्या ओपन फोर्जिंगच्या (तापलेला धातू बंद साच्याशिवाय ठोकून घडवायच्या) शेडमध्ये रोज चालते. गिअरचं ब्लँक (दाते पाडण्याआधीचं कडं), फ्लँज, बेअरिंगची बाहेरची रिंग, क्रेनच्या चाकाची धाव हे सगळं त्याच घराण्यातलं काम आहे. ही रिंग १ टनी न्यूमॅटिक (हवेच्या दाबाने चालणाऱ्या) हॅमरवर कशी काढायची, ते इथे मापांसह दिलं आहे. क्रुपच्या आयुष्यातले ज्या टप्प्यांमुळे कृतीमागचं कारण कळतं, तेही सोबत येतील.

जोड का नको

बैलगाडीच्या चाकाला लोहार लोखंडी धाव चढवतो, तेव्हा पट्टी वाकवून तिची दोन टोकं भट्टीत तापवून ठोकून एकजीव करतो. बैलाच्या चालीला ते पुरतं. रेल्वेच्या सुरुवातीच्या धावाही अशाच असत: घडीव लोखंडाची पट्टी वाकवायची आणि टोकं सांधायची. पण सांध्यात पपडीचा (तापलेल्या लोखंडावर हवेने जमणाऱ्या थराचा) कण अडकला की तिथे लोखंड लोखंडाला धरतच नाही. वरून चकचकीत, आतून सुटलेलं. ताशी पन्नास-साठ किलोमीटरने धावणाऱ्या चाकाचा प्रत्येक फेरा त्या जागेवर एक ठोका देतो, आणि एके दिवशी धाव उघडते. त्यातून कार्बन जास्त असलेलं पोलाद सांधायला लोखंडापेक्षा कितीतरी अवघड. म्हणजे टिकाऊ धातू हवा तर सांधा धड जमत नाही, आणि सांधा जमवायचा तर मऊ धातू घ्यावा लागतो.

क्रुपने सांधाच काढून टाकला. ओतीव पोलादाची लांबट, जाड कांब घ्यायची, दोन्ही टोकांजवळ एकेक भोक पाडायचं, दोन भोकांच्या मधे उभी चीर द्यायची, पाचर घालून ती चीर फाकवायची आणि गोल करत करत कडं बनवायचं. मग ते कडं रोलिंग मिलवर मापाला आणायचं. टोकंच नाहीत, तर सांधायचं काय? शिवाय कांबेच्या पोटातला भाग, जिथे ओतकामाची घाण साठलेली असते, तो या रीतीत आतल्या अंगाला उघडा पडतो आणि डोळ्यांना दिसतो.

आज आपण चीर देत नाही. गोल बिलेट (बारचा कापलेला तुकडा) उभं चेपतो, मधे पंच (भोक पाडायचं हत्यार) मारतो आणि मँड्रेलवर, म्हणजे भोकातून घातलेल्या आडव्या गजावर, फिरवत रिंग मोठी करतो. तत्त्व तेच: धातू कापून पुन्हा जोडायचा नाही, मधून मोकळा करून बाहेर पसरवायचा.

माल घेताना

क्रुपचं पहिलं आयुष्य मालाच्या दर्जाशी झगडण्यात गेलं. बाप फ्रीड्रिख याने १८११ मध्ये एसेनला ओतीव पोलादाचा कारखाना काढला, कारण नेपोलियनच्या नाकेबंदीने इंग्लंडचं पोलाद युरोपात येईनासं झालं होतं. पोलाद कधी साधायचं, कधी नाही. १८२६ मध्ये बाप वारला तेव्हा मागे कर्ज आणि हातावर मोजता येतील इतके कामगार उरले. आल्फ्रेड तेव्हा १४ वर्षांचा होता. (जन्म २६ एप्रिल १८१२.) आई तेरेसा मालकीण, आणि मुलगा भट्टीवर. टाकसाळीचे ठसे, सोनारांचे रोल, नंतर चमचे-काट्यांचे पत्रे काढायचे रोल अशा बारीक मालावर त्याने कारखाना तगवला. रोलवर बारीकसा डाग असला तरी तो प्रत्येक चमच्यावर उमटतो. दर्जा सांभाळायची सवय त्याला या मालाने लावली. १८३८ मध्ये तो खोट्या नावाने इंग्लंडला जाऊन पोलादाचे कारखाने पाहून आला. १८४८ मध्ये कारखान्याची सगळी मालकी त्याच्याकडे आली.

आपल्याला पोलाद ओतायचं नाही, विकत घ्यायचं आहे. ठाणे-नवी मुंबईत त्यासाठी कळंबोलीचा लोखंड बाजार आहे. या कामाला ईएन-८ (मध्यम कार्बनचं पोलाद) घ्या: कार्बन साधारण ०.३५ ते ०.४५ टक्के. बार कापून घेताना तीन गोष्टी बघा. हीट नंबर (पोलाद ज्या ओतीतून आलं तिचा क्रमांक) बारच्या टोकावर पंच केलेला किंवा रंगवलेला असावा आणि तोच टेस्ट सर्टिफिकेटवर असावा. कापलेल्या तुकड्यावर नंबर उतरवून घ्या, कारण नंबर नेमका टोकाबरोबर दुकानातच राहतो. आणि कापलेलं तोंड नीट न्याहाळा: मधोमध काळा ठिपका किंवा बारीक पोकळी दिसली तर ती पाइप (ओतीव पोलाद थिजताना मधे राहिलेली पोकळी) आहे, तो तुकडा परत करा. शंका आली तर ग्राइंडरवर ठिणगी बघा. माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब आणि कमी फुटणाऱ्या, ईएन-८ च्या ठिणग्यांना फाटे जास्त. दोन्हींचे ओळखीचे तुकडे शेजारी ठेवून बघितलं तर फरक चटकन कळतो, नुसत्या आठवणीवर जाऊ नका.

वजनाचा हिशेब

उदाहरण घेऊ: लेथवरून उतरलेली रिंग बाहेरून ३०० मिमी, आतून २००, उंची ५० हवी. वजन होईल सुमारे १५.४ किलो. प्रत्येक अंगाला ५ मिमी काटछाट धरा. म्हणजे फोर्जिंग बाहेरून ३१०, आतून १९०, उंची ६०.

३१० चा वर्ग ९६,१००. १९० चा वर्ग ३६,१००. वजाबाकी ६०,०००. त्याला ०.७८५४ ने गुणलं की ४७,१२४ चौ. मिमी. गुणिले उंची ६०, म्हणजे सुमारे २८,२७,४०० घन मिमी. पोलाद दर घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम धरलं तर २२.२ किलो.

यात पंचातून पडणारी चकती मिळवा: ६० मिमी व्यास, २० मिमी जाड, म्हणजे ०.४५ किलो. मग पपडी. हीट म्हणजे इथे भट्टीत एकदा तापवणं. पहिल्या हीटला २ टक्के, पुढच्या प्रत्येक हीटला १ टक्का. तीन हीट लागतील, तर ४ टक्के, म्हणजे जवळजवळ ०.९५ किलो. एकूण २३.६ किलो. १२५ मिमी गोल बार दर मिमी लांबीला ०.०९६ किलो भरतो, म्हणून तुकडा २४५ मिमी कापा.

लांबी भागिले व्यास इथे १.९६ येते. हा आकडा २.५ च्या वर गेला तर उभं चेपताना बिलेट कमरेत वाकतं आणि घडी पडते. म्हणून बारीक बारचा लांब तुकडा घेऊन पैसे वाचवायला जाऊ नका.

हॅमर सुरू करण्याआधी प्लॅस्टिसिनचा एक छोटा तुकडा याच प्रमाणात घेऊन हाताने चेपून, भोक पाडून, पेन्सिलीवर फिरवून बघा. नव्या मुलाला धातू कुठे पळतो, हे अर्ध्या तासात कळतं. लाल तुकड्यावर ते शिकवायला फार महाग पडतं.

तापवणं

करवतीच्या कापावरची बर्र (कडेला राहिलेली धारदार किनार) आधी ग्राइंड करून काढा. ती राहिली तर चेपताना तोंडावर दुमडून घडी होते आणि ती घडी लेथवरच उघडते, म्हणजे सगळं काम झाल्यावर.

भट्टी गॅसची असो वा फर्नेस ऑइलची, गार बिलेट थेट लालभडक भट्टीत टाकू नका. ७०० अंशांपर्यंत सावकाश न्या, मग वेग वाढवा. लक्ष्य १२०० ते १२२० अंश. जाडीच्या दर २५ मिमीला अर्धा तास हा धोपट हिशेब, म्हणजे १२५ ला अडीच तास. मधे एकदा तुकडा फिरवा. भट्टीच्या जमिनीला टेकलेली बाजू गार राहते, आणि गार बाजू पुढे पंच वाकडा नेते.

१२०० ला रंग पिवळा, पांढऱ्याकडे झुकलेला. १००० ला नारिंगी. ८५० ला चेरीसारखा लाल. दुपारी उघड्या शेडमध्ये हे रंग असतात त्यापेक्षा फिके दिसतात आणि भट्टीवाला अंदाजाने जास्त तापवतो, म्हणून भट्टीसमोर सावली हवी किंवा पायरोमीटर हवा. तुकड्यातून ठिणग्या उडू लागल्या तर तो जळला. कणांच्या कडा आतून वितळल्या, आता तो हॅमरखाली चुरा होणार. जळलेलं पोलाद पुन्हा सुधारत नाही, ते भंगारात टाका.

चेपणं आणि पंच

बाहेर काढलं की आधी पपडी झटका. दोन हलके ठोके द्या, ती सुटते. मग २४५ ची उंची ७० वर आणा. व्यास साधारण २३३ होईल. मधे मधे तुकडा कडेवर घेऊन गोलाई सरळ करा, नाहीतर पिंपासारखं पोट येतं आणि त्या पोटावर उभ्या चिरा पडतात.

पंच ६० मिमी, किंचित निमुळता. तो ऐन मध्यावर ठेवा, दोन अंगांनी डोळ्यांनी तपासा, हलका ठोका देऊन खूण उमटवा, पुन्हा बघा. मग उंचीच्या दोन तृतीयांशपर्यंत आत घाला. पंचाखाली कोळशाची पूड टाकली तर तो चिकटत नाही. तुकडा उलटा करा. मधे गडद, गार पडलेला गोल दिसेल. त्यावर पंच ठेवून दुसऱ्या बाजूने मारा, चकती खाली पडते. ही चकती म्हणजे बारचा गाभा. बारमध्ये काही दोष असेल तर बहुतेक वेळा तो इथेच असतो, आणि तो रिंगमधून बाहेर गेला.

मँड्रेलवर फिरवणं

सगळं कौशल्य इथे लागतं. दोन घोड्यांवर (आधारांवर) आडवं मँड्रेल, त्यावर अडकवलेली रिंग, वरून सपाट डायचा ठोका. प्रत्येक ठोक्यानंतर रिंग १५ ते २० अंश फिरवायची. ठोका पडतो तिथली जाडी कमी होते, आणि कमी झालेला धातू परिघात जातो, म्हणून भोक मोठं होतं. सुरुवातीची जाडी ८६ मिमी, शेवटची ६०.

पहिलं मँड्रेल ५५ मिमी, ईएन-२४ (जास्त ताकदीचं मिश्र पोलाद) चं. भोक ११० च्या पुढे गेलं की १०० मिमीचं घ्या. बारीक मँड्रेलवर जास्त वेळ काम केलं तर आतल्या अंगाला लाटा उठतात आणि मँड्रेलही वाकतं. घोड्यांमधलं अंतर रिंगच्या उंचीपेक्षा थोडंच जास्त ठेवा. मँड्रेल आधी १५० ते २०० अंशांवर तापवा. गार मँड्रेल आतली कातडी एकदम थिजवतं आणि तिथे केसासारख्या चिरा जातात. उलट ते लाल झालं तरी वाकणार. म्हणून दोन मँड्रेल आलटून पालटून वापरा. पावसाळ्यात मँड्रेल, पंच, सांडशी कोरडी आहेत ना हे प्रत्येक हीटला बघा. गरम धातूखाली पाणी अडकलं तर वाफ स्फोटासारखी सुटते.

फिरवताना उंचीही वाढते. म्हणून मधे दोनदा रिंग आडवी ठेवून चेपा. रंग चेरी लालच्या खाली उतरला, म्हणजे ८५० च्या खाली गेला, की थांबा आणि परत भट्टीत घाला. "अजून चार ठोके, मग झालं" या घाईत आतल्या कडेला भेग जाते. वीज गेली आणि हॅमर बंद पडला तर रिंग १२०० वर तशीच शिजत ठेवू नका, भट्टी ९०० च्या आसपास उतरवा. नाहीतर पपडी वजन खाते आणि कण वाढतात.

गरम रिंग थंड झाल्यावर १.२ टक्क्यांच्या आसपास आक्रसते. म्हणून शेवटची मापं गरमच धरा: आतून १९२, बाहेरून ३१४, उंची ६१. या मापांच्या लोखंडी पट्ट्या आधीच कापून भिंतीला लटकवा, लाल रिंगवर टेप लावत बसू नका.

रिंगची एक बाजू जाड आणि दुसरी बारीक आली तर कारण बहुधा मागच्या टप्प्यात सापडतं. एक तर पंच मध्यावर नव्हता, किंवा तुकडा एका अंगाने जास्त गरम होता. गरम बाजू लवकर ताणली जाते. फरक ४ मिमीच्या आत असेल तर जाड बाजूला दोन-दोन ठोके जास्त देऊन तो निघतो. त्यापुढे गेला तर दुसऱ्या बाजूला काटछाटीला धातूच उरत नाही.

क्रुपकडे हे काम शेवटी रोलिंग मिल करायची, आणि मोठ्या कांबा ठोकायला १८६१ पासून 'फ्रिट्झ' नावाचा वाफेचा अजस्र हॅमर होता. त्याआधी १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात त्याने ओतीव पोलादाचा सुमारे २ टनांचा एकच ठोकळा मांडला. जवळजवळ शंभर मुशी (पोलाद वितळवायची भांडी) एकामागोमाग एक, धार न तुटता, एका साच्यात ओतून तो काढला होता. धार मधे तुटली असती तर आधीचा थर थिजून आत थंड जोड राहिला असता. एवढी माणसं एका ठेक्यावर चालवण्याची शिस्त हे त्याचं खरं यंत्र होतं. हॅमरवरही तसंच आहे. हॅमरमन आणि रिंग फिरवणारा यांच्यात बोलणं होत नाही, ठेका ठरलेला असतो. नवी जोडी आधी गार रिंगवर ठेका बसवू द्या.

नॉर्मलाइजिंग आणि तपासणी

नॉर्मलाइजिंग म्हणजे धातूचे कण सारखे करायला पुन्हा तापवून हवेत थंड करणं. रिंग थंड झाली की पुन्हा ८५० ते ८८० अंशांवर न्या, ६० मिमी जाडीला तासाभराने बाहेर काढा आणि स्थिर हवेत थंड करा. दाराजवळ ठेवू नका. ठाण्याच्या पावसात दारातून आलेला एक शिडकावा रिंगची एक बाजू कडक करतो आणि लेथवर तिथे टूल घसरतं. रिंगा एकावर एक रचू नका, मधे विटा ठेवा. कडकपणा साधारण १५० ते २१० ब्रिनेल (कडकपणा मोजायचं माप) यायला हवा. रफ टर्निंग (लेथवरची पहिली जाड कातण) झाल्यावर अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी आतले दोष शोधायची तपासणी, करा. कच्च्या, पपडीच्या पृष्ठभागावर प्रोब नीट बसत नाही आणि खोटे इशारे येतात. आतल्या कडांना डाय पेनेट्रंट (भेगेत शिरून ती दाखवणारा रंग) लावा, भेगा तिथेच असतात.

किंमत आणि उधारी

फोर्जिंगचा भाव द्यायचा तो २३.६ किलोवर, १५.४ वर नाही. मधले ८.२ किलो पपडी, चकती आणि बुरादा होऊन जातात. बुरादा भंगारात विकला जातो, पपडीचे काहीच येत नाहीत. त्यावर भट्टीचा गॅस तीन हीट आणि नॉर्मलाइजिंगचा वेगळा धरा.

क्रुपचा कारखाना उभा राहिला तो या धावा, आस आणि स्प्रिंगा यांच्या रेल्वे मालावर. अमेरिकेतल्या रेल्वेही त्याच्या धावा घेत. तोफा त्याने १८४७ पासून करून पाहिल्या, पण प्रशियाच्या लष्कराची मोठी ऑर्डर, ३०० हून जास्त नळ्यांची, १८५९ मध्ये आली. पुढे 'तोफांचा राजा' म्हणून नाव झालं आणि त्या तोफांनी फ्रान्सविरुद्धच्या १८७०-७१ च्या युद्धात माणसं मारली. हा त्याच्या आयुष्याचा भाग आहे, तो वगळून त्याची कारागिरी सांगणं बरोबर नाही. कामगारांसाठी त्याने आजारपणाचा निधी, घरं, दुकानं उभारली आणि त्यांच्या राजकीय मतांवर मात्र कडक पहारा ठेवला.

त्याला जड गेली ती वाढीची घाई. १८६२ मध्ये बेसेमर पद्धत (वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून पोलाद करायची), मग खाणी, जहाजं, एसेनबाहेरचा प्रचंड वाडा, सगळं एकापाठोपाठ घेतलं. १८७३ ला बाजार कोसळला आणि १८७४ मध्ये त्याला बँकांच्या गटाकडून ३ कोटी मार्कांचं कर्ज काढावं लागलं. आयुष्यभर भागीदार नको म्हणणाऱ्या माणसाच्या वह्या बँकेचा माणूस तपासू लागला. १४ जुलै १८८७ ला तो वारला तेव्हा कामगार सुमारे २०,००० होते. छोट्या फोर्जला यातून घ्यायचं ते एवढंच: ऑर्डर तेजीत असताना नवा हॅमर पूर्ण कर्जावर घेऊ नका. हॅमरचा हप्ता मंदीतही तेवढाच राहतो.

खूण आणि चढवणं

१८७५ मध्ये क्रुपने एकमेकांत गुंतलेल्या तीन धावा ही आपली निशाणी नोंदवली. आपल्या रिंगवर निशाणी नसली तरी चालेल, पण हीट नंबर आणि जॉब नंबर हवाच. तो बाजूच्या सपाट तोंडावर, कडेपासून दूर, गोल टोकाच्या पंचाने मारा. धारदार अक्षरांच्या तळाशी भेग सुरू होते. आतल्या किंवा बाहेरच्या गोलाईवर कधीच मारू नका.

रिंग हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) चढवायची असेल तर आवळण, म्हणजे हब रिंगच्या भोकापेक्षा जितका मोठा तो फरक, व्यासाच्या हजारातल्या एका भागाएवढी ठेवा. आतून २०० मिमी रिंग असेल तर हब २००.२०. बसवायला आणखी ०.२ मिमी मोकळीक हवी, म्हणजे रिंग ०.४ मिमी फुगली पाहिजे. पोलाद दर अंशाला दर मीटरला ०.०१२ मिमी वाढतं, त्यामुळे तापमान १६७ अंशांनी वाढवावं लागेल. शेडमध्ये ३० अंश असतील तर रिंग २०० ला पोचायला हवी, चढवताना गार होते म्हणून २२० धरा. ३०० च्या वर न्यायचं कारण नाही. गोलाईभर सारखी तापवा. एकाच जागी टॉर्च धरली तर रिंग अंडाकृती होते आणि अर्ध्यावर अडकते. अडकली तर घण मारू नका. तशीच गरम असताना ओढून काढा, हब पुसा, रिंग पुन्हा तापवून चढवा. बसल्यावर हबच्या खांद्याला (कडेच्या पायरीला) टेकवून दाबून धरा, कारण थंड होताना ती आडवी सुद्धा आक्रसते आणि मधे फट सोडते. पाणी मारून थंड करू नका. हवेतच गार होऊ द्या, मग ०.०५ मिमीची फीलर पट्टी (फट तपासायची पातळ पट्टी) खांद्याभोवती फिरवा. ती कुठेच आत जाता कामा नये.